विदाविज्ञानाचे पदवीशिक्षण, कोल्हापुरातील

मोजणी, नोंदणी, निरीक्षण व प्रयोग यांतून मिळणारी आधारसामग्री गोळा करणे, तिच्यातील चुका दूर करणे, ती संगणकावर साठविणे, तिचे विश्लेषण करणे आणि त्यावरून अनुमान काढणे या क्रियांचा एकत्रित अभ्यास करणाऱ्या शास्त्रास विदाविज्ञान म्हणतात. ‘विदा’ ही संज्ञा मराठीत अलीकडे रूढ होत असून तत्पूर्वीच्या शास्त्रीय लेखनात ‘आधारसामग्री’ हा शब्द योजिला जाई. विद्यार्थी, प्राध्यापक व नोकरी देणारे व्यवहारात ‘डेटा सायन्स’ असेच म्हणतात. या विषयाची तीन वा चार वर्षांची पदवी कशी आखावी, तीत गणित, संख्याशास्त्र व संगणकशास्त्र यांचे प्रमाण काय असावे आणि तिला कोणत्या तयारीचे विद्यार्थी घ्यावेत, हे प्रश्न एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जगभरच्या विद्यापीठांपुढे आले. कोल्हापुरात त्यांना एक स्थानिक पूर्वपीठिका आहे. आकड्यांवरून समाजस्थिती ओळखण्याचा आणि गावातून आलेल्या मुलाला शहरात राहून शिकता यावे याची सोय लावण्याचा, असे दोन्ही प्रयत्न या नगरीत शतकाहून अधिक काळ झालेले आहेत. नव्या पदवीचे यशापयश बऱ्याच अंशी या दोन गोष्टींच्या मेळावर अवलंबून राहते.

पूर्वपीठिका : कोल्हापुरात महाविद्यालयीन शिक्षणाचा आरंभ १८८० मध्ये राजाराम महाविद्यालयाने झाला. हे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते आणि दक्षिण महाराष्ट्र, कोकण व उत्तर कर्नाटक येथील विद्यार्थ्यांना मुंबई-पुण्यास न जाता उच्च शिक्षण मिळण्याचे ते प्रमुख ठिकाण ठरले. त्या काळी संख्याशास्त्र हा स्वतंत्र विषय भारतात कोठेच शिकविला जात नव्हता. आकड्यांचे जे काही शिक्षण मिळे ते गणित व अर्थशास्त्र यांच्या वर्गांतून. राजाराम महाविद्यालयाच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) हे होते. पुढे त्यांनी पुण्यात गणित शिकविले, शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक तयार केले, आणि १९०२ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर केलेल्या भाषणांत सरकारचेच आकडे घेऊन सरकारच्या शिलकीचा अर्थ उलगडून दाखविला. शिल्लक वाढली म्हणजे रयत सुखी झाली असे नव्हे, हे त्यांनी जमाखर्चाच्या तक्त्यांवरून मांडले. उपलब्ध आकडे तपासून त्यांतून वेगळा निष्कर्ष काढण्याचे हे कौशल्य आजच्या विदाविज्ञानाच्या अभ्यासक्रमातही मध्यवर्ती मानले जाते, मात्र ते शिकविणे फार थोड्या ठिकाणी साधते.

राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) आकड्यांचा उपयोग राज्यकारभाराचे धोरण ठरविण्यासाठी झाला. १८९४ मध्ये संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. ही विषमता मोजली गेल्यामुळेच तिच्यावर उपाय योजणे शक्य झाले. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. १९१२ पर्यंत एकूण ९५ जागांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे ३५ जागा राहिल्या. आरक्षणाच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख नेहमी येतो; परंतु जातवार तक्ता हा शासनाच्या निर्णयाचा आधार म्हणून पुढे मांडला गेला, या अंगाने तिच्याकडे क्वचितच पाहिले गेले आहे.

नोकऱ्या राखून ठेवल्या तरी त्या भरण्यास शिकलेली माणसे हवी होती, आणि खेड्यातील मुलगा शाळा-महाविद्यालयात टिकत नसे तो मुख्यतः राहण्या-जेवण्याची सोय नसल्यामुळे. सर्व जातींच्या मुलांसाठी मिळून काढलेल्या वसतिगृहाचा (१८९६) लाभ मुख्यत्वे एकाच वर्गाला मिळाला, असा अनुभव आल्यावर शाहू छत्रपतींनी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांस उत्तेजन दिले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आणि १९२० मध्ये श्री प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग हाउस अशी ही मालिका आहे. जातवार वसतिगृहांमुळे जातिभेद घट्ट होतील, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येणार नाही. तथापि त्यांच्याविना पहिल्या पिढीतील शेकडो विद्यार्थी वर्गापर्यंत पोहोचलेच नसते. कुंभोज येथे जन्मलेले व कोल्हापुरात शिकलेले भाऊराव पाटील यांनी पुढे रयत शिक्षण संस्थेत वसतिगृहाला श्रमाची जोड दिली. सातारा येथे १९४७ मध्ये निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयातील ‘कमवा व शिका’ योजना हे त्याचेच महाविद्यालयीन रूप होय. गोखल्यांनी १९११ मध्ये मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक कायदेमंडळात संमत होऊ शकले नाही. त्यातील मूळ तत्त्व, म्हणजे सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण, कोल्हापूर संस्थानात १९१७ च्या हुकुमाने अंमलात आले.

संस्थानी काळाच्या अखेरीस कोल्हापूर शहर स्वतःच एका मोठ्या सांख्यिकीय पाहणीचा विषय झाले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने नी. वि. सोवनी यांच्या नेतृत्वाखाली शहराची सामाजिक पाहणी केली आणि तिचे तीन खंड १९४८ ते १९५२ या काळात प्रसिद्ध झाले. लोकसंख्या व जननक्षमता, उद्योग-व्यापार व कामगार, आणि कौटुंबिक राहणी व सामाजिक जीवन असे त्यांचे विषय आहेत. नमुना म्हणून कोणती कुटुंबे निवडावयाची, घरोघर जाऊन कोणते प्रश्न विचारावयाचे, मिळालेली उत्तरे कितपत विश्वसनीय मानावयाची, या अडचणी त्या अभ्यासकांना हाताने भरलेल्या तक्त्यांवर सोडवाव्या लागल्या. एखाद्या मध्यम आकाराच्या भारतीय शहराची इतकी तपशीलवार पाहणी त्या काळात दुर्मिळ होती. विदाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या शहराच्या संदर्भात नमुना निवडीचा धडा द्यावयाचा असेल, तर हे खंड आजही उपयुक्त आहेत.

संख्याशास्त्राचा स्वतंत्र विषय म्हणून उदय : भारतात या विषयाला विद्यापीठीय स्थान मिळवून देण्याचे श्रेय प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याकडे जाते. त्यांनी १९३१ मध्ये कलकत्ता येथे भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. १९४१ मध्ये कलकत्ता विद्यापीठात संख्याशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. १९५९ च्या कायद्याने सांख्यिकी संस्थेस पदव्या देण्याचा अधिकार मिळाला व १९६० पासून तेथे संख्याशास्त्राची पदवी सुरू झाली. महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठात १९४८ मध्ये आणि पुणे विद्यापीठात १९५३ मध्ये संख्याशास्त्राचे विभाग निघाले.

पुण्याच्या विभागाचे संस्थापक-प्रमुख वसंत शंकर हुजूरबाजार (१९१९–९१) हे मूळचे कोल्हापूरचे. बनारस हिंदू विद्यापीठातील शिक्षणानंतर त्यांनी केंब्रिज येथे हॅरल्ड जेफ्रीझ यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले आणि गुवाहाटी व लखनौ येथील अध्यापनानंतर ते पुण्यास आले. बनारसच्या गणित विभागात १९३२ पासून असलेले विष्णु वासुदेव नारळीकर (१९०८–९१) हेही कोल्हापूरचेच असून हुजूरबाजार यांची बहीण त्यांच्या घरात दिली होती. प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (१९३८–२०२५) हे या नात्याने हुजूरबाजारांचे भाचे होत. मोठ्या आधारसामग्रीतील सर्व उपयुक्त माहिती थोड्याशा संख्यांत एकही अंश न गमावता केव्हा सामावता येते, या प्रश्नाचा विचार करणारी पर्याप्ततेची संकल्पना हा हुजूरबाजारांच्या संशोधनाचा प्रमुख विषय होता. त्यांना १९६० चे केंब्रिज विद्यापीठाचे ॲडम्स पारितोषिक व १९७४ मध्ये ‘पद्मभूषण’ हा किताब मिळाला. १९७६ पर्यंत ते पुण्यास होते. नंतरचे अध्यापन त्यांनी अमेरिकेत केले. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–९७) यांनी शेतीच्या उत्पादनाचे अंदाज नमुना पाहणीने करण्याच्या पद्धतींवर मूलभूत काम केले व पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत ते सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. या परिसराने विषयाला असे विद्वान दिले. मात्र त्यांचे कार्य बहुतांशी परिसराबाहेर घडले. ही गोष्ट पुढील प्रत्येक पिढीच्या बाबतीत पुन्हा घडलेली दिसते.

शिवाजी विद्यापीठ व पदवीचा साचा : १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि येथील महाविद्यालये नव्याने निघालेल्या पुणे विद्यापीठाकडे गेली. दक्षिण महाराष्ट्रासाठी वेगळे विद्यापीठ असावे ही कल्पना राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य व इतिहासकार डॉ. बाळकृष्ण (मृत्यू १९४०) यांनी फार आधी पुढे आणली होती. ती १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठाच्या रूपाने प्रत्यक्षात उतरली. उद्‌घाटन राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार होते. आरंभी ३४ महाविद्यालये व सु. १४,००० विद्यार्थी विद्यापीठाच्या कक्षेत होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व रत्नागिरी या जिल्ह्यांवर पसरलेले हे क्षेत्र पुढे कमी होत गेले. कोकणाचा भाग मुंबई विद्यापीठाकडे गेला, २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले, आणि शिवाजी विद्यापीठाकडे कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे उरले. संलग्न महाविद्यालयांत सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय (१९१९) यांसारखी विद्यापीठाहून जुनी महाविद्यालयेही आहेत.

विद्यापीठात पुढे संख्याशास्त्राचा स्वतंत्र अधिविभाग निघाला. पदवीच्या पातळीवर मात्र हा विषय प्रथमपासून संलग्न महाविद्यालयांतच शिकविला जात असल्याने अभ्यास मंडळाने केलेला पाठ्यक्रम शहरातील सुसज्ज महाविद्यालयास आणि तालुक्याच्या ठिकाणच्या दोन प्राध्यापकांच्या विभागास सारखाच लागू होई. पदवीच्या आखणीत या वस्तुस्थितीचा विचार करावा लागतो. मोठ्या शहरातील एखादी संस्था आपल्या प्राध्यापकवर्गाच्या बळावर हवा तसा अभ्यासक्रम बांधू शकते. संलग्नता पद्धतीत सर्वांत दुर्बळ विभागाला जे पेलेल त्याच्याकडे झुकण्याची प्रवृत्ती अपरिहार्यपणे निर्माण होते.

महाराष्ट्रात दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये व बारावीची १९७७ मध्ये झाली आणि १०+२+३ या आकृतिबंधानुसार विज्ञानाची पदवी तीन वर्षांची झाली. पहिल्या वर्षी अनेक विषय व अखेरच्या वर्षी एक मुख्य विषय अशी तिची रचना होती. बारावीला ‘गणित व संख्याशास्त्र’ या नावाची प्रश्नपत्रिका असली तरी तीत संख्याशास्त्राचा भाग थोडा असतो. त्यामुळे पदवीच्या पहिल्या वर्षी संख्याशास्त्र निवडणाऱ्या विद्यार्थ्याला विषयाची खरी ओळख तेव्हाच होत असे. पुष्कळांनी तो निवडला तो वैद्यकीय वा अभियांत्रिकी प्रवेश हुकल्यावर. तरीही तिसऱ्या वर्षापर्यंत त्यातील कित्येकांना विषयाची गोडी लागे, याचे कारण प्रात्यक्षिकांत शोधावे लागते. संभाव्यतेचे सिद्धांत फळ्यावर कोरडे वाटत. पण तीच गोष्ट पिकांच्या उत्पादनाच्या किंवा कारखान्यातील सदोष नगांच्या आकड्यांवर करून पाहिली म्हणजे तिला अर्थ येई. संगणक येण्यापूर्वीच्या प्रयोगशाळांत लॉगॅरिथमची कोष्टके, छापील सांख्यिकीय तक्ते आणि हाताने दांडा फिरवून चालवावयाची गणनयंत्रे हीच साधने होती. वर्गांची बेरीज एकदा चुकली की संपूर्ण तास वाया जाई. या पद्धतीत वेळ फार जात असला, तरी प्रत्येक आकडा विद्यार्थ्याच्या नजरेखालून जात असल्याने विचित्र नोंद लपून राहत नसे. आज लक्षावधी नोंदींचे काम क्षणात होते आणि एखाद्या नोंदीत वय ९९९ लिहिलेले आहे, हे कोणाच्याही लक्षात येत नाही. विदाविज्ञानाच्या अभ्यासक्रमात नोंदींच्या शुद्धीकरणाला वेगळे तास द्यावे लागतात ते यामुळेच.

संगणकाचे आगमन : १९८० नंतरच्या दशकात कोल्हापूर परिसरात खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली व संगणकाचे शिक्षण पदवीच्या पातळीवर आले. विज्ञान शाखेतही संगणकशास्त्राची स्वतंत्र पदवी सुरू झाली. तिच्या नावापुढील कंसातल्या शब्दामुळे ती या विद्यापीठाच्या परिसरात ‘एन्टायर’ म्हणून ओळखली जाते. या घडामोडींचा संख्याशास्त्रावर दुहेरी परिणाम झाला. एकीकडे गणनयंत्रांची जागा संगणकाने घेतली आणि विषयाची व्याप्ती वाढली; दुसरीकडे गणिताची आवड असलेला विद्यार्थी संगणकाकडे वळू लागला. अधिविभागाने संख्याशास्त्र व संगणकीय माहितीशास्त्र यांची सांगड घालणारा उपयोजित स्वरूपाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला, तो या दोन प्रवाहांना एकत्र आणण्याचा प्रयत्न होय. विदाविज्ञान हे नाव लोकप्रिय होण्याआधीच त्यातील बराचसा आशय असा पदव्युत्तर पातळीवर येऊन पोहोचला होता.

विदाविज्ञानाची जागतिक आखणी : अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांनी १९६२ मध्ये आधारसामग्रीचे विश्लेषण हे गणिती संख्याशास्त्राहून व्यापक शास्त्र आहे, असे प्रतिपादन केले. डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात ‘डेटा सायन्स’ ही संज्ञा वापरली. जेफ वू यांनी १९९७ मध्ये संख्याशास्त्राचेच नाव बदलून विदाविज्ञान ठेवावे असे सुचविले, तर विल्यम क्लीव्हलंड यांनी २००१ मध्ये या शास्त्राची आखणी कशी असावी याचा आराखडा मांडला. त्यात अध्यापनशास्त्रालाही जागा होती. पुढच्या दीड दशकात इंटरनेट व भ्रमणध्वनी यांमुळे नोंदींचा महापूर आला आणि नोकऱ्यांच्या बाजारपेठेने या शब्दाला झळाळी दिली.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेने २०१५ मध्ये कोणत्याही विषयाच्या विद्यार्थ्यास घेता येईल असा विदाविज्ञानाचा प्राथमिक पाठ्यक्रम सुरू केला. त्यास संगणकाची वा संख्याशास्त्राची पूर्वतयारी लागत नव्हती. अनुमान, संगणन व प्रत्यक्ष आधारसामग्री या तिन्ही गोष्टी पहिल्या आठवड्यापासून एकत्र शिकविल्या जात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी पदवीपूर्व विदाविज्ञानावर अहवाल प्रसिद्ध केला. गणित व संगणन यांच्याबरोबरच आधारसामग्रीचे स्वरूप ओळखण्याची जाण, संबंधित क्षेत्राचे ज्ञान, निष्कर्ष समजावून सांगण्याची हातोटी व नैतिक विचार यांवर त्यात भर दिलेला आहे. भारतात मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०२० मध्ये या विषयाची दूरस्थ पदवी सुरू केली. तिला नेहमीची कठीण प्रवेशपरीक्षा नाही. चार आठवड्यांचा पात्रता पाठ्यक्रम पुरा करून परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास प्रवेश मिळतो. भारतीय सांख्यिकी संस्थेने २०२४ मध्ये सांख्यिकीय विदाविज्ञानाची पदवी सुरू केली. अभियांत्रिकीत २०२० नंतर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेने ‘कृत्रिम बुद्धिमत्ता व विदाविज्ञान’ अशा नावांच्या शाखा देशभर निघाल्या आणि कोल्हापूर, इचलकरंजी हा परिसर त्यास अपवाद राहिला नाही.

या शाखा झपाट्याने निघाल्या, पण त्या आखण्याचे काम तितक्या सावकाशीने झाले नाही. अभियांत्रिकीतील विदाविज्ञान हे मुख्यतः संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात काही विषय घालून बनविलेले असते. विज्ञान शाखेतील विदाविज्ञान हे संख्याशास्त्राच्या पाठ्यक्रमास प्रोग्रॅमिंगची जोड देऊन उभे राहते. पहिल्या प्रकारात विद्यार्थी प्रारूप चालवून दाखवितो, परंतु त्याच्या उत्तरातील अनिश्चितता किती हे त्याला सांगता येत नाही. दुसऱ्या प्रकारात अनिश्चिततेचे सूत्र त्याला पाठ असते, परंतु प्रत्यक्ष अस्ताव्यस्त फाइल हाती आली की तो थबकतो. दोन्ही विभाग एकाच आवारात असले तरी त्यांचे अभ्यास मंडळ, वेळापत्रक, शुल्क आणि कित्येकदा विद्यापीठही वेगळे असते. कोल्हापूर परिसरातील काही अभियांत्रिकी महाविद्यालये लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न झालेली आहेत, तर विज्ञान महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाकडेच आहेत. एकमेकांकडील तास विद्यार्थ्यांना उपलब्ध करून देण्यात याची अडचण होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण (२०२०) महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून व संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. त्यानुसार एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी व चौथ्या वर्षानंतर सन्मान पदवी अशी रचना आली. विषयांचे मोजमाप श्रेयांकांत होऊ लागले. मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय, कौशल्याचे पाठ्यक्रम व प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना जागा मिळाल्याने संख्याशास्त्र मुख्य व संगणकशास्त्र दुय्यम अशी जुळणी कागदावर सोपी झाली. तथापि एका वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यास उपयोगी ठरेल असे पहिले वर्ष आखणे आणि चार वर्षे शिकणाऱ्याचा गणिती पाया त्याच पहिल्या वर्षात घालणे, या दोन गरजा परस्परविरोधी आहेत. पहिल्या गटाला संगणकावरील तक्ते व आलेख लवकर हवेत. दुसऱ्याला कलनशास्त्र व रेखीय बीजगणित टाळता येत नाही. बर्कलीसारख्या ठिकाणी हा पेच प्राध्यापकांच्या विपुलतेने सुटतो. जेथे अध्यापनाचा मोठा भाग तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकांकडे असतो आणि त्यांची नेमणूक दर वर्षी नव्याने होते, तेथे एखादा पाठ्यक्रम दोन-तीन वर्षे शिकवून सुधारत नेणे कठीण जाते.

विद्यार्थिजीवन : कोल्हापूरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचा मोठा वर्ग करवीर, पन्हाळा, राधानगरी, कागल, भुदरगड, शाहूवाडी या तालुक्यांतील गावांतून येतो. जवळच्या गावचे विद्यार्थी सवलतीच्या पासावर एस. टी.ने रोज ये-जा करतात. दूरचे विद्यार्थी वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहतात, गावाहून एस. टी.ने येणारा जेवणाचा डबा हा कित्येक पिढ्यांच्या आठवणीतील विषय आहे. शिवाजी विद्यापीठात पहिल्या कुलगुरूंच्या काळी मूळ धरलेली ‘कमवा व शिका’ योजना आजही चालते आणि त्यांचेच नाव दिलेल्या विद्यार्थी भवनात तीतील विद्यार्थी राहतात. शुल्काच्या ओझ्यावर शासनाने योजलेल्या उपायांपैकी एका शिष्यवृत्ती योजनेस राजर्षी शाहूंचे नाव आहे. २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांतील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या विशिष्ट प्रवर्गांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्यात आले. विदाविज्ञान अभियांत्रिकीत शिकावे की विज्ञान शाखेत, हा निर्णय अशा सवलतींमुळे अनेकदा विषयापेक्षा शुल्काच्या हिशेबाने होतो.

मराठी माध्यमातून बारावीपर्यंत आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी दोन भाषा एकदम शिकाव्या लागतात : एक इंग्रजी व दुसरी संगणकाची. ‘मध्य’, ‘प्रमाण विचलन’, ‘सहसंबंध’ या संज्ञा त्याच्या परिचयाच्या असतात. त्यांचे इंग्रजी पर्याय व त्याबरोबरच ‘पायथन’ वा ‘आर’ या संगणकीय भाषांचे व्याकरण अंगवळणी पडेपर्यंत पहिले सत्र संपते. चूक झाल्यावर संगणक देतो तो संदेशही इंग्रजीतच असतो आणि तो वाचून घाबरलेला विद्यार्थी शेजाऱ्याचे उत्तर उतरून घेतो. अनुभवी अध्यापक म्हणून पहिले काही आठवडे संकल्पना मराठीत सांगतात व संज्ञा इंग्रजीत ठेवतात. ही रीत कोणत्याही पाठ्यक्रमात लिहिलेली नसली तरी वर्ग टिकतो तो पुष्कळ अंशी तिच्यामुळे. घरी संगणक नसणे ही अडचण तितकीच मोठी आहे. प्रयोगशाळा संध्याकाळी बंद झाली की गावाकडच्या विद्यार्थ्याकडे केवळ भ्रमणध्वनी उरतो. त्यावर व्याख्यान पाहता येते, पण शंभर ओळींचा प्रोग्रॅम लिहिता येत नाही. शहरात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघड्या असतात. संगणकाची प्रयोगशाळा तशी उघडी ठेवणे हा अभ्यासक्रमातील कोणत्याही बदलाहून अधिक परिणामकारक उपाय ठरेल, यात शंका नाही.

पदवीनंतरचा मार्ग बहुधा पुण्याकडे जातो. कोल्हापूरहून सु. २३० किमी. अंतरावरील त्या शहरात माहिती तंत्रज्ञानातील नोकऱ्या एकवटलेल्या आहेत, आणि मुलाने तिकडे जावे हीच पालकांचीही अपेक्षा असते. तरीही कोल्हापूर जिल्ह्यातील व्यवहारांत विदाविज्ञानाला काम पुष्कळ आहे. जिल्हा सहकारी दूध संघाच्या गावोगावच्या संस्थांत रोज दोन वेळा प्रत्येक उत्पादकाच्या दुधाचे माप व स्निग्धांश यांची नोंद होते. साखर कारखान्यांकडे ऊसाच्या लागणीच्या व तोडणीच्या तारखा असतात. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतकाम कारखान्यांत किती नग सदोष निघाले याचा हिशेब ठेवावाच लागतो, कारण मोटारनिर्माते तो मागतात. गूळ बाजाराचे भाव आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांचे उत्पादन हेही विषय आहेत. अशा नोंदी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी मिळविणे सोपे नसते. त्यांत व्यापारी गुपिते व व्यक्तींची खाजगी माहिती असते आणि ती कोणाच्या संमतीने वापरावी हा प्रश्न येतो. बहुतेक प्रकल्प म्हणून परदेशी संकेतस्थळांवरील तयार आधारसामग्रीवर होतात, ज्यात जहाजावरील प्रवासी व फुलांच्या पाकळ्यांची मापे पुन्हा पुन्हा येतात. त्यावर काम केलेल्या विद्यार्थ्याला तंत्र येते, परंतु नोंद करणारा माणूस कोण होता व त्याने कोठे चूक केली असेल, हे विचारण्याची सवय लागत नाही.

या दृष्टीने पंचगंगेच्या पुराच्या नोंदींचे उदाहरण विशेष महत्त्वाचे आहे. कसबा बावडा येथील राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी मानलेली आहे. २००५, २०१९ व २०२१ या वर्षी मोठे पूर आले आणि पावसाळ्यात हे आकडे जिल्ह्यातील घरोघरी बोलले जातात. गगनबावडा व राधानगरीकडचा पाऊस, राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांतून होणारा विसर्ग, उपनद्यांचे पाणी व खाली कृष्णेची पातळी यांवरून बंधाऱ्यावरील पातळी काही तास आधी सांगता येईल काय, हा प्रश्न दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला समजतो आणि तज्ञालाही पुरून उरतो. त्यात कालक्रमिका आहे, समाश्रयण आहे, गहाळ नोंदी आहेत आणि अंदाज चुकण्याची किंमतही आहे. अंदाज कमी निघाल्यास चिखली, आंबेवाडी यांसारख्या नदीकाठच्या गावांतील माणसे व जनावरे अडकतात; वारंवार जास्त निघाल्यास लोक पुढच्या वेळी घर सोडत नाहीत. वर्गात बसलेल्या काही विद्यार्थ्यांच्या घरांच्या भिंतींवर २०१९ च्या पाण्याची रेघ असते, आणि बंधाऱ्यावरील एखाद्या दिवसाचा आकडा बरोबर आहे की नाही हे ते तिच्याशी ताडून पाहू शकतात.